पाणी चाखणारी

त्या पाहणीतून थोरलीला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. शहरात राहून-जेवून शिकायची जागा. शिकून परतणाऱ्याला मिळणारं, पाण्याचा खारेपणा मोजायचं मीटर. मोटरघराच्या भिंतीवर लागणारी निळी पाटी. आणि यातलं काहीही धाकटीला न मिळणं. हे शेवटचं कलम कोणी कुठे लिहिलेलं नव्हतं, पण थोरलीच्या तराजूत सगळ्यात जड तेच होतं.

घर रोपवाटिकेवर चालत होतं. ओढा खाडीला मिळतो तिथून थोडं वर, काठालाच त्यांची जमीन. तिच्यावर हिरव्या जाळीचा मांडव, मांडवात बांबूच्या माच्यांवर ओळीने ट्रे, आणि ट्रेमध्ये मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं. दोन भाऊ होते. थोरला घरी असायचा. धाकटा ट्रकवर, महिन्यातून एकदा यायचा, झोपून उठायचा आणि परत जायचा. त्यामुळे काम थोरली आणि धाकटी, या दोन जावांच्या अंगावर होतं. सासू ओट्यावर बसून बी निवडायची, आणि बी निवडता निवडता माणसंही.

पाणी डोहातून मोटरीने वर यायचं. भरतीला खाडी ओढ्यात शिरते, ते जुनंच. पण पूर्वी ओहोटी लागली की ओढ्याची धार खारं पाणी ढकलत खाली न्यायची. अलीकडे पावसाचा भरवसा राहिला नाही, वरची धार करंगळीएवढी झाली, आणि खारं पाणी ओहोटीनंतरही डोहात तळ ठोकून बसायला लागलं, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं. डोळ्यांना गोडं आणि खारं एकच दिसतं. म्हणून या घरात एक रीत होती. सकाळी मोटर लावायच्या आधी घरातली एक बाई चहासुद्धा न घेता डोहातलं पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची आणि सांगायची, गोड की खारं. तिने ‘गोड’ म्हटल्याशिवाय बटणाला कोणी हात लावायचा नाही. जी चाखणार तिच्याच कमरेला मोटरघराची किल्ली. आणि जिच्या कमरेला किल्ली, तीच ठरवणार की आज कुठली ओळ भिजायची, कुणाची रोपं आधी द्यायची आणि कुणाला ‘उद्या या’ म्हणायचं.

सासूने ही किल्ली आपल्या कमरेची सोडून थोरलीच्या कमरेला बांधली, त्याला बरीच वर्षं झाली होती. थोरली तेव्हापासून चालताना जरा जास्तच हलायची, किल्ली वाजावी म्हणून.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, जाताना तोंडाची चव घेऊन गेला. तिखट झोंबायचं, वास यायचा, पण मीठ जिभेवरून वाळूसारखं निघून जायचं. आज येईल, उद्या येईल, म्हणून तिने वाट पाहिली. मग वाट पाहणं सोडलं आणि लपवणं धरलं. डॉक्टरला सांगितलं तर नवऱ्याला कळणार, नवऱ्याला कळलं तर सासूला, आणि सासूला कळलं तर किल्ली धाकटीच्या कमरेला.

लपवायचं साधन धाकटीनेच पुरवलं होतं. ती रोज सकाळी डोहाकाठच्या सपाट दगडावर तोंड धुवायची आणि तिथलंच पाणी घेऊन चूळ भरायची. पाणी खारं असलं की तिचं नाक आक्रसायचं. थोरली मोटरघराच्या दारात उभी राहून स्वतःच्या तोंडात पाणी घोळवायची आणि डोळे धाकटीच्या नाकावर ठेवायची. नाक सरळ राहिलं की थुंकून म्हणायची, “गोड.” जिचं तोंड सकाळी सकाळी बघायला नको वाटायचं, तिच्याच तोंडावर तिचा दिवस उभा होता.

धाकटीही बावळट नव्हती. आपल्या तोंडाकडे कोणी का बघतंय, हे तिला दिवाळीच्या आधीच कळलं. तेव्हापासून पाणी खारं असलं की ती नाक अंमळ जास्तच वाकडं करायची, लांबून दिसेल असं. त्यावर दोघींत एक शब्द झाला नव्हता.

पाहणीवाली आली ती उन्हातून, चेहरा लाल झालेला, खांद्याला पिशवी आणि हातात पाटीएवढा फोन. वातावरण बदलामुळे कुणाच्या कामावर काय संकट येतंय आणि त्यासाठी कुणाला काय शिकवायला हवं, हे विचारायला तिला पाठवलं होतं. घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओट्यासमोर मांडल्या. एकीवर ती बसली आणि दुसरीकडे हात करून जवळ उभ्या असलेल्या धाकटीला म्हणाली, “बसा ना ताई.”

धाकटी बसली.

ती खुर्ची थोरल्याने थोरलीसाठी आणली होती, तिची कंबर धरली होती तेव्हा. थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पाहणीवाली समजावून सांगत होती, “ही परीक्षा नाही बरं का. एक ते पाचमध्ये आकडा सांगायचा. जे चांगलं येतं त्याला पाच, जे येत नाही त्याला एक. जिथे आकडा कमी, तिथे प्रशिक्षण. एका घरातून एकच जण घेणार.” सासूने हे ऐकलं, थोरल्याने ऐकलं. थोरलीचं लक्ष धाकटीच्या पायांवर होतं. तिने एक पाय दुसऱ्यावर टाकला होता आणि चप्पल बोटावर झुलवत होती. थोरलीच्या कानात गेलं ते इतकंच, की एका घरातून एकच.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून गिऱ्हाईकाची हाक आली. “धाकट्या वहिनी आहेत का?”

“बघा,” सासू बी चाळत म्हणाली, “वहिनी म्हटलं की धाकट्याच. थोरल्या वहिनींचा भाव पडला की काय?”

धाकटी हसत उठून गेली. थोरली येऊन खुर्चीवर बसली. खुर्ची अजून गरम होती, ती ऊब मांड्यांना लागली तशी ती पुढे सरकून कडेवर टेकली.

“उन्हाची लाट आली तर रोपं वाचवायचं काम,” पाहणीवालीने विचारलं, “स्वतःला किती द्याल?”

“पाच.”

“फोनवर हवामानाचा अंदाज बघणं?”

थोरलीने फोन वाजला की उचलला होता आणि थांबला की ठेवला होता, त्यापलीकडे तिची फोनशी ओळख नव्हती. “पाच,” ती म्हणाली.

“पाण्याचा खारेपणा ओळखणं?”

थोरलीने ओठ पुसले. “इथलं पाणी मीच चाखते. विचारा कुणालाही. पाच. सहा असेल तर सहा लिहा.”

पाहणीवाली हसली. “पाचपर्यंतच आहे. आता तुमच्या जाऊबाईंचं. त्यांना हाक मारता का?”

“ती कामात आहे. मी सांगते ना.”

“त्यांनी स्वतः सांगितलं तर बरं.”

“तिला मी रोज बघते. तिचं मला नाही तर कुणाला माहीत असणार?” हे मात्र खरं होतं. “उन्हाच्या कामात एक.”

“फोन?”

“दिवसभर हातात असतो. पण कामाचं विचाराल तर एक.”

“खारेपणा?”

“तिची जीभ बोलायला चालते,” थोरली म्हणाली. “पाणी चाखायला एक. शून्य नाही का तुमच्याकडे?”

सासूने डोकं वर करून थोरलीकडे पाहिलं. “अगं, तू मार्क उधळतेस की…” म्हणता म्हणता तिला काय वाटलं कोण जाणे, वाक्य गिळून ती परत बी चाळायला लागली. थोरला तर बायकोच्या बोलण्यात तोंड घालण्यापेक्षा जनावराच्या तोंडात हात घालणं सोपं समजायचा.

“त्या मांडवात कोण बसल्यात?” जाता जाता पाहणीवालीने विचारलं.

मांडवात पैलाडची बसली होती. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर तिची एकटीची खोपटी आणि खोलगट जमिनीचा तुकडा, म्हणून सगळे तिला पैलाडची म्हणायचे. अख्खी थंडी ती इथे ट्रे भरायला यायची आणि त्या कामाच्या बदल्यात मिरचीची रोपं न्यायची. जमीन सखल, उन्हाळ्यात खारं पाणी तिथे सगळ्यात आधी चढायचं. त्याच्या आत मिरची लागून निघाली तर निघाली. आत्ताही तिचे हात कोपरापर्यंत काथ्याच्या भुशात बरबटलेले होते.

“ती गिऱ्हाईक आहे,” थोरली म्हणाली.

“गिऱ्हाईक ट्रे भरतं?”

“रिकामं बसवत नाही तिला.”

पाहणीवालीने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. “तो काठ माझ्याकडे नाही. तिकडे दुसरं कोणी येईल.” आणि ती फोन पिशवीत घालून गेली. तिकडे दुसरं कोणी आलं नाही.

निवडीचा निरोप थोरल्याच्या फोनवर आला. त्याने तो वाचला, फोन खिशात घातला, परत काढला, परत वाचला. मग ओट्याकडे बघून म्हणाला, “धाकटीला बोलावलंय.”

“कुणाला?”

“धाकटीला. प्रशिक्षणाला. दोन आठवडे.”

थोरलीच्या हातात झारी होती. ती तिरकी झाल्याचं तिला कळलं नाही, पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं. “मला पाच मिळाले होते,” ती म्हणाली.

“म्हणून तर,” थोरला म्हणाला. “ज्याला येतं त्याला कशाला शिकवतील? ती बाई सांगत होती की सुरुवातीलाच.”

“तूच पाठवलंस तिला,” सासू म्हणाली. “पोरीला सगळीकडे एक-एक देऊन. मी म्हटलं, थोरलीचं मन मोठं झालं.” आणि ती खोकल्यासारखं हसली.

धाकटी त्या संध्याकाळी नवी पिशवी शिवत बसली होती. मधेच ती थोरलीजवळ आली. थोरली भांडी घासत होती.

“ताई, तुम्ही माझं चांगलं सांगितलंत म्हणे.”

“सांगितलं.”

“मी नसताना पाण्याचं…”

“पाण्याचं काय?”

“काही नाही. आईंना एकदा चाखायला दिलंत, तर बरं.”

“आईंच्या तोंडात दात नाहीत.”

“जीभ आहे ना.”

थोरलीचा हात थांबला. “आणि माझ्या तोंडात काय आहे?”

धाकटीला तेव्हा सांगता आलं असतं. सकाळचं नाक, दगड, सगळं. पण ती पातेल्यातल्या फेसाकडे बघत राहिली. किल्ली थोरलीच्या कमरेला, तिच्या नाकासमोर, वाजत होती. आपण नसलो की काय होतं, ते एकदा सगळ्यांना दिसू तरी दे, असं तिच्या मनात येऊन गेलं असेल, तर ते तिने तोंडावर येऊ दिलं नाही. “काही नाही,” ती परत म्हणाली आणि पिशवी शिवायला गेली.

ती गेल्यावर पहिला फटका स्वयंपाकघरात बसला. भाजीत मीठ रोज धाकटी घालायची. थोरलीच्या हातून पातेलं उतरलं की ती मागून झाकण काढायची, चाखायची आणि काय ते करायची. थोरलीला ते बघून इतकी वर्षं वाटायचं की ही माझ्या हाताला नावं ठेवते. आता मागून कोणी येत नव्हतं. पहिल्या दिवशी थोरला दोन घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी भाजी अळणी, तर तो नुसता भात खाऊन उठला. सासूने ताट पुढे सरकवलं.

“आज मीठ महाग झालं का?”

“काल जास्त झालं म्हणालात.”

“मी कुठे म्हणाले? काल मी पाणी मागितलं.” सासूने सुनेच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “तू स्वतः जेवलीस ना?”

“जेवले.”

“बरी लागली?”

“बरी होती,” थोरली म्हणाली.

सुरुवातीचे दिवस पाणी गोडंच होतं, अमावस्येचं उधाण दूर होतं. थोरली रोज मोटरघराच्या दारात उभी राहायची, पाणी घोळवायची, आणि डोळे आपोआप त्या सपाट दगडाकडे जायचे. दगडावर एक कावळा येऊन बसायचा. ती थुंकून ‘गोड’ म्हणायची आणि रोपांचं काही बिघडायचं नाही. असे काही दिवस गेल्यावर तिला वाटायला लागलं, की धाकटीचं नाक तसं काही लागतच नव्हतं.

मग ऊन आलं. अजून सकाळी अंगावर पांघरूण घ्यायचे दिवस होते आणि दुपारी जाळीखाली उभं राहवत नव्हतं. जाळीतून गाळून आलेलं ऊनसुद्धा मानेला चावायचं. रोपं दुपारी माना टाकायची, त्यांना दोनदा पाणी हवं झालं. थोरली दोघींचं काम एकटी करत होती. घागरीएवढी झारी घेऊन ओळीच्या ओळी, मग माच्यांखाली रांगून ट्रे फिरवायचे, मग गिऱ्हाईकं. आणि गिऱ्हाईकं विचारायची, “धाकट्या वहिनी कधी येणार?”

“शिकायला गेलीय,” ती सांगायची. “येत नव्हतं म्हणून.”

पैलाडची आता रोज यायची. तिचे मिरचीचे ट्रे पुढच्या ओळीत होते, रोपं चार-चार पानांवर आलेली. ती त्यांच्याकडे वाकून बघायची, एखाद्या पानाला बोट लावायची आणि म्हणायची, “झालीत ना हो वहिनी? नेऊ का?”

“अजून बाळसं धरू देत.”

“पाणी चढायला लागलंय माझ्याकडे. बांधाला लागलं.”

“उधाण ओसरलं की ने.” किल्ली थोरलीची, तारीखही थोरलीची.

अमावस्येच्या सकाळी थोरली मोटरघराकडे निघाली तेव्हा थोरला फोन बघत हसत होता. त्याने तो तिच्यापुढे धरला. “बघ, धाकटीने पाठवलाय.”

फोटो होता. लांब टेबल, टेबलावर पाण्याचे पेले ओळीने. धाकटी मधोमध उभी, हातात पेनासारखं ते मीटर, एका पेल्यात बुडवलेलं. दोन्ही बाजूंना माणसं तिच्या हाताकडे वाकून बघत होती, त्यांत पॅन्ट-शर्टातले साहेबही होते. धाकटी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ज्याला आपल्याकडे सगळे बघतायत हे माहीत असतं, तो जसा भलतीकडे बघतो, तसं ती पेल्याकडे बघत होती.

“पहिली आली म्हणे त्यात,” थोरला म्हणाला.

“पाणी बघण्यात पहिली?” थोरलीने फोन परत दिला. “पाणी बघून कळतं होय.”

ती डोहावर आली. रात्रीची भरती मोठी झाली होती. काठाच्या गवतावर ओल वीतभर वर चढलेली दिसत होती. पैलाडची टोपली घेऊन लांब, कुंपणापाशी उभी होती. थोरलीने ओंजळ भरली, तोंडात घेतली, घोळवली. काही नाही. ओलं होतं आणि थंड होतं, बास. तिने दगडाकडे पाहिलं. कावळाही नव्हता.

“गोड आहे ना हो?” पैलाडचीने लांबूनच विचारलं.

तोंडात पाणी असताना माणूस किती वेळ उभं राहू शकतं? थोरली राहिली. पैलाडचीला जवळ बोलावून ‘तू घे एक घोट’ म्हटलं असतं, तर तिने आनंदाने घेतला असता. सासूला ओट्यावरून हाक मारता आली असती. पण मग ज्या जिभेला पाचातले सहा हवे होते, तिचं काय झालं हे गावाला कळलं असतं. आणि कळायला निमित्त काय, तर धाकटी चार दिवस घरात नाही. टेबल, पेले, वाकलेले साहेब तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

ती थुंकली. “गोड,” ती म्हणाली, कुलूप काढलं आणि बटण स्वतः दाबलं.

दुसऱ्या दिवशी मिरचीच्या पानांची टोकं तपकिरी झाली. थोरलीला वाटलं, उन्हाने. म्हणून तिने जास्त पाणी दिलं. त्याच डोहाचं, त्याच जिभेने ‘गोड’ ठरवलेलं. तिसऱ्या दिवशी पानं कागदासारखी वळली. मग तिने संध्याकाळीही पाणी दिलं, अगदी मायेने, एकेका ट्रेवर झारी थांबवून. चौथ्या दिवशी ट्रेंच्या कडांवर पांढरी रेघ उमटली, तव्यावर पाणी आटल्यावर राहते तशी.

सासू काठी टेकत मांडवात आली. ती इकडे सहसा यायची नाही. तिने बोट ओलं करून त्या पांढऱ्या रेघेवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. मग झारीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाशी नेलं आणि लगेच थुंकलं.

“हे तुला गोड लागलं?”

“उन्हाने करपलीत,” थोरली म्हणाली.

“मी ऊन विचारलं नाही.”

थोरली रोपांकडे बघत राहिली. सासूने थुंकलेल्या जागेवर पायाने माती ओढली. “मोटर बंद ठेव,” एवढंच बोलून ती ओट्यावर परत गेली. त्या दिवशी जेवताना तिने मिठाची बरणी स्वतःच्या ताटाजवळ घेतली. थोरल्याने मान वर केली नाही.

धाकटी आली ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन आधी मांडवात गेली. पुढच्या सगळ्या ओळी बसल्या होत्या. मागे कोपऱ्यातले, खारी झारी न पोचलेले आणि सावलीत तगलेले चार ट्रे तेवढे हिरवे होते. तिने मीटर काढलं, झारीच्या तळाला राहिलेल्या पाण्यात बुडवलं. काचेवर आकडा आला. तिने तो थोरलीकडे वळवला.

“ताई, हे गोड?”

“माझ्याकडे काय बघतेस?” थोरली म्हणाली. “मोटर पैलाडचीने लावली.”

असं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर तिला बरं वाटलं, खूप दिवसांनी तोंडाला काहीतरी चव आल्यासारखं.

धाकटीने तिच्या कमरेकडे पाहिलं. “किल्ली तुमच्याजवळ. तिने कशी लावली?”

ट्रेवरून एक माशी उठली, फिरली, परत बसली. धाकटीने मीटर पुसून टोपण लावलं, शांतपणे, शिकवल्याप्रमाणे. थोरलीचं सगळं आता तिच्या एका वाक्यावर होतं. सपाट दगड, वाकडं नाक, मिठाची बरणी, एवढं उच्चारलं की झालं. पण ते उच्चारलं असतं, तर तिला हेही विचारलं गेलं असतं की तुला माहीत होतं, तर जाताना का नाही बोललीस.

“किल्ली मोटरघराच्या खिडकीत राहिली असेल,” धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. “राहिली असेल.”

“हल्ली तुमच्याकडे राहत नाही ती.” धाकटीने हात पुढे केला. “माझ्याकडे द्या.”

किल्लीची गाठ जुनी होती, सुटेना. शेवटी धाकटीनेच वाकून, थोरलीच्या पोटाशी डोकं नेऊन ती सोडवली.

“खिडकीत राहिली होती म्हणे,” थोरल्याने ओट्यावर येऊन सांगितलं.

“असं का,” सासू म्हणाली. “मग खिडकी लावत जा. उगाच घरचं वारं बाहेर जायला नको.” आणि ती बी चाळत राहिली.

पैलाडची दुपारी टोपली घेऊन आली. तिच्याशी बोलायचं काम धाकटीने केलं. शिकून आलेली, शब्द नीट होते.

“त्या दिवशी मोटर तुम्ही लावलीत, न विचारता. पाणी खारं होतं.”

“मी?” पैलाडची हसलीच आधी. थट्टा वाटली तिला. “मी कुंपणाशी होते. वहिनींनी गोड म्हटलं आणि वहिनींनीच लावली. विचारा ना त्यांना.”

थोरली रिकाम्या ट्रेमधला भुसा उपसत होती. “उन्हात माणसाच्या लक्षात राहत नाही,” ती भुशाकडे बघून म्हणाली.

“दादा, तुम्ही तरी…”

थोरल्याने चपलेतला खडा काढायला वाकून घेतलं. खडा लवकर सापडेना.

पैलाडचीने एकेकाकडे पाहिलं. ओट्यावर सासूकडेही. मग आपले हात उलटेसुलटे करून बघितले, जणू त्यांनीच तिच्या नकळत काही केलं असेल. “थंडीभर ट्रे भरले मी,” ती म्हणाली. “माझी मिरची?”

“आमचीही गेलीच ना,” धाकटी म्हणाली.

“ते मागचे चार ट्रे?”

“ते दुसऱ्याला कबूल केलेत.”

पैलाडची आणखी काही बोलेल म्हणून सगळे थांबले होते. ऊन फार होतं. तिने टोपली उलटी करून डोक्यावर घेतली आणि पलीकडे नेणाऱ्या साकवाकडे चालायला लागली.

पाहणीवाली महिन्याभराने पाटी घेऊन आली. मोटरघराच्या भिंतीला भोकं पाडून थोरल्याने ती लावली, निळी, वर पांढऱ्या अक्षरांत धाकटीचं नाव. फोटो काढले. मीटर हातात, डोह मागे. नुकसान कशाने झालं, तेही तिने फोनमध्ये भरून घेतलं.

“बाहेरच्या बाईने मोटर लावली,” धाकटीने सांगितलं.

“म्हणजे खरी गरज त्यांनाच होती,” पाहणीवाली म्हणाली. “कुठे राहतात त्या?”

धाकटीने पलीकडे बोट केलं.

“अरेरे,” पाहणीवाली म्हणाली. “तो काठ माझ्याकडे नाही.”

आता जमाखर्च. पाहणीवालीला फोटो मिळाले. धाकटीला मीटर, पाटी आणि किल्ली. ती चालताना जरा जास्तच हलते आता. थोरलीची किल्ली गेली, पण जीभ गेली असं कोणी म्हटलं नाही. सकाळी धाकटी मीटर बुडवून आकडा बघते, आकडा बरा असला की नाक सरळ ठेवून काठावर उभी राहते, मग थोरली ओंजळभर पाणी तोंडात घेते, घोळवते, थुंकते आणि म्हणते, “गोड.” तिला ‘मीटर काय म्हणतंय’ म्हणून कोणी विचारत नाही, आणि धाकटीला ‘तुला आधीच माहीत होतं का’ म्हणूनही कोणी विचारत नाही. भाजीत मीठ धाकटी घालते. पूर्वी झाकणामागून घालायची, आता समोर.

पैलाडचीच्या तुकड्यात त्या वर्षी मिरची लागली नाही. खारं पाणी चढलं ते मोकळ्या जमिनीवर चढलं. पुढच्या थंडीत ती ट्रे भरायला परत आली, दुसरीकडे काम नव्हतं. तिला मोटरघराच्या बाजूला फिरकायचं नाही असं सांगितलंय, आणि ती फिरकत नाही. हिशेब मिटला, असं घरात सगळे म्हणतात. होता तो दोन जावांचा. चुकता पैलाडचीने केला.